पांढऱ्या ओंब्यांचं मूळ मागच्या वर्षीच्या कुरणात

प्रश्न थोडक्यात असा आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या गव्हाच्या पट्ट्यात, काटॅनिंगच्या बाजूला, एक मराठी कृषी पदवीधर एका मिश्र फार्मवर कामाला लागला आहे. अर्ध्या जमिनीत मेरिनो मेंढ्यांची कुरणं, अर्ध्यात गहू, बार्ली (जव) आणि कॅनोला, म्हणजे मोहरीच्या कुळातलं तेलबी. गेल्या ऑक्टोबरात गव्हाच्या एका पॅडॉकमध्ये (इथे कुंपण घातलेल्या प्रत्येक शेताला पॅडॉकच म्हणतात) जागोजागी ओंब्या वेळेआधीच पांढऱ्या पडल्या, चुरून पाहिलं तर आत दाणा नाही. आता मालक सांगतात, पुढच्या वर्षी ज्या कुरणात गहू पेरायचा आहे तिथलं गवत याच जुलैत तणनाशक मारून काढ. मेंढ्या विताहेत, चाऱ्याची ओढ आहे, आणि हिरवंगार गवत जाळायचं? "मेंढ्यांच्या तोंडचा घास काढून गव्हाचा कुठला रोग जाणार, सर?" असं त्याचं विचारणं आहे.

या पट्ट्यात पीक-सल्लागार म्हणून माझी २२ वर्षं गेली. पहिली दोन वर्षं मीही हेच विचारत होतो. मालकांचं बरोबर आहे, पण काही अटींवर. त्या अटी त्यांनी तुम्हाला सांगितल्या नसतील, कारण त्यांच्या दृष्टीने त्या सांगायच्या गोष्टीच नाहीत.

आधी आपल्याकडे डोक्यात बसलेलं पंचांग उलटं करा. इथला पाऊस थंडीतला, मे ते ऑक्टोबर. तुमच्या भागात वर्षाकाठी ४५० मिलिमीटरच्या आसपास, उत्तरेला मेरेडिनकडे जाल तसा कमी. नोव्हेंबर ते मार्च रान ठणठणीत कोरडं. भूमध्य समुद्राभोवती, कॅलिफोर्नियात, मध्य चिलीत आणि दक्षिण आफ्रिकेच्या केपमध्ये हेच गणित. गव्हाला पाटाचं पाणी हा प्रकार इथे नाही, सगळी शेती आभाळावर. २५ एप्रिलचा अँझॅक दिवस म्हणजे इथलं मृग नक्षत्र समजा, त्याच्या मागेपुढे पाभरी बाहेर पडतात. आणि मृगासारखाच इथलाही पहिला पाऊस फसवतो. मार्चमध्ये एक सर येते, कुरणातलं बी उगवतं, मग पाच आठवडे टिपूस नाही. आपल्याकडे याला दुबार पेरणीचं संकट म्हणतात. इथे कुरण पेरलेलं नसतं, ते आपलं आपण उगवतं, म्हणून दुबार पेरणी निसर्गालाच करावी लागते. कशी, ते पुढे येईल.

मुद्दा असा की या हवामानात सगळ्यात मोठा मारेकरी उन्हाळा आहे. पाच महिने कोरड, जमिनीच्या पृष्ठभागाचं तापमान ६० अंशांपर्यंत. बुरशी, कीड, गवत, क्लोव्हर (कुरणातलं शेंगवर्गीय चारापीक), प्रत्येकाला हा उन्हाळा ओलांडावा लागतो आणि ओलांडायची प्रत्येकाची युक्ती वेगळी. मी कुठल्याही पॅडॉकमध्ये शिरताना हाच प्रश्न घेऊन शिरतो: इथे कोण कोण उन्हाळा ओलांडून आलंय, आणि कशात बसून?

आता तुमच्या पांढऱ्या ओंब्या. पांढरी ओंबी म्हणजे एकच रोग असं धरून चालू नका. सप्टेंबरात फुलोऱ्यावर दहिवर गोठलं, म्हणजे फ्रॉस्ट पडलं, तरी ओंब्या पांढऱ्या पडतात. तेव्हा खोलगट भागात, ओढ्याच्या कडेने पट्टा दिसतो आणि मुळं ठणठणीत असतात. हलक्या वाळूत तांब्याची कमतरता असेल तरी ओंबी पांढुरकी, शेंड्याला पिळवटलेली निघते. म्हणून आधी उपटायचं. नुसतं ओढून नाही, फावड्याने ढेकूळ काढून बादलीत भिजवायचं, हळूच धुवायचं आणि पांढऱ्या थाळीत मुळं पसरायची. मी गाडीत अजूनही सांगलीहून आणलेली एक चिनी मातीची थाळी ठेवतो. टेक-ऑल, म्हणजे मुळं सडवणारा बुरशीचा रोग, असेल तर मुळं काळी, ठिसूळ, आणि मूळ मोडून बघितलं तर आतला धागासुद्धा काळा. मग खोडाच्या तळाचं पानाचं आवरण सोला. आत बुटाला पॉलिश केल्यासारखी चकचकीत काळी कातडी दिसली की शंका संपली. अशा रोपाच्या सगळ्याच ओंब्या पांढऱ्या असतात आणि रोपं चकत्या-चकत्यांनी जातात.

क्राउन रॉट, म्हणजे फ्युझेरियममुळे होणारी बुडखाकूज, वेगळी दिसते. तिच्यात एकाच रोपाचा एक फुटवा पांढरा आणि शेजारचा हिरवा असू शकतो. खोडाचा तळ मधासारखा तपकिरी, ओल असेल तर आवरणाखाली गुलाबी झाक. तुम्ही पाठवलेल्या फोटोत चकत्या आहेत, रोपं सहज उपटून येतात असंही लिहिलंय. थाळीत बघितल्याशिवाय मी शपथ घेणार नाही, पण माझा संशय टेक-ऑलवरच आहे. टेक-ऑल म्हणजे "सगळं नेणारा", आणि हे नावही दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्यांनीच एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दिलं. ज्याचं नेलं त्यालाच असं नाव सुचतं.

टेक-ऑलची बुरशी मुळात राहणारी आहे. तांबेऱ्यासारखे तिचे बीजाणू शेकडो मैल उडत येत नाहीत, ती शेजाऱ्याकडून नव्हे, तुमच्याच जमिनीतून येते. उन्हाळा ती मेलेल्या मुळांत आणि बुडख्यात बसून काढते. जमीन कोरडी म्हणजे कुजणं बंद, आणि कुजणं बंद म्हणजे बुरशीचं घर शाबूत. मे महिन्यात ओल आली, गव्हाचं कोवळं मूळ त्या जुन्या बुडख्याजवळून गेलं की लागण झाली. वसंतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात, जेव्हा गव्हाला दाणा भरायला पाण्याची खरी गरज असते, तेव्हा ती सडलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. ओंबी पांढरी पडते ती तेव्हा. म्हणजे रोग मेमध्ये लागला, दिसला ऑक्टोबरात, आणि त्याची तयारी झाली आदल्या वर्षीच्या जुलैत.

ती तयारी झाली कशात? कुरणात. बार्ली ग्रास, ब्रोम ग्रास, सिल्व्हर ग्रास, रायग्रास, ही सगळी कुरणातली रानगवतं, गव्हाचीच भावंडं. टेक-ऑलला गहू आणि बार्ली ग्रास यांत फारसा फरक वाटत नाही. तुम्ही कुरण म्हणता, मेंढी चारा म्हणते, बुरशी त्याला पेरलेला गहूच समजते. क्लोव्हर, ल्युपिन (इथलं एक कडधान्य), कॅनोला तिला चालत नाहीत. ओट बहुतेक वेळा तिला दाद देत नाही, कारण त्याच्या मुळांत बुरशीला मारक असं एक द्रव्य असतं. म्हणून "तीन वर्षं कुरण ठेवलं, जमिनीला विश्रांती दिली, आता रोग गेला असेल" हे वाक्य इथे सगळ्यात महागात पडतं. गवताने भरलेलं तीन वर्षांचं कुरण म्हणजे रोगाच्या दृष्टीने गव्हावर गहू, गव्हावर गहू.

मग जुलैच का? ऑक्टोबरात का नाही? मेंढ्यांना तोवर खाऊ दे, मग वसंतात गवत पोटरीतून बाहेर पडून दूधभरणीला आलं की हलकी फवारणी करून बी धरू द्यायचं नाही. याला इथे स्प्रे-टॉपिंग म्हणतात, आणि ही पद्धत चांगलीच आहे. पण ती थांबवते ते बी, बुरशीला नव्हे. ऑक्टोबरपर्यंत गवताची मुळं बुरशीने भरून गेलेली असतात. तुम्ही वरून पानं वाळवली की खाली तीच मुळं कोरड्या जमिनीत जशीच्या तशी राहतात, पुढच्या गव्हाची वाट बघत. जून-जुलैत गवत मारलं तर दोन गोष्टी होतात. मुळं लहान असतात, म्हणून बुरशीला घर छोटं मिळतं. आणि पुढे तीन-चार महिने जमीन ओली असते, म्हणून मेलेली मुळं कुजतात आणि बुरशी उपाशी मरते. तिच्या घराला आग लावायची तर हिवाळ्याच्या ओलीतच लावावी लागते.

हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरं झालं असतं. तिसऱ्या वर्षी एका शेतकऱ्याला मी स्प्रे-टॉपिंगवर भागवा म्हणालो होतो, मेंढ्यांचा चारा वाचेल म्हणून. त्याने पॅडॉकच्या उत्तरेकडच्या भागात माझं ऐकलं. दक्षिणेकडच्या भागात त्याच्या वडिलांनी आपल्या सवयीने जुलैत फवारणी आधीच उरकली होती. पुढच्या ऑक्टोबरात त्या पॅडॉकच्या मधोमध रेघ मारल्यासारखी दिसत होती. एका बाजूला सोनेरी गहू, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या चकत्या. म्हातारा काही बोलला नाही. त्याने फक्त गाडी त्या रेघेवर उभी केली आणि इंजिन बंद केलं. मला खाली उतरावंच लागलं.

आता अटी.

पहिली आणि सगळ्यात मोठी: गवत काढल्यावर खाली काय उरतं ते आधी बघा. गुडघे टेकून बसा, एक फूट बाय एक फूट तारेची चौकट टाका आणि क्लोव्हरची रोपं मोजा. दहा-पंधरा ठिकाणी. क्लोव्हर दाट असेल तर गवत गेल्यावर ते उसळून पसरतं, वसंतात मेंढ्यांना आधीपेक्षा सकस चारा मिळतो आणि जमिनीत नत्रही जमतं. कडधान्यवर्गीय कुरणाच्या दर टन कोरड्या चाऱ्यामागे साधारण २० ते २५ किलो नत्र, हा इथला ढोबळ हिशेब आहे. तेच पुढे गव्हाचा युरिया वाचवतं. पण क्लोव्हर विरळ असेल तर गवत मारून तुम्ही उघडी वाळू आणि केपवीड कमावाल. केपवीड हे दक्षिण आफ्रिकेहून आलेलं पिवळ्या फुलांचं तण, रिकामी जागा दिसली की तिथे बिऱ्हाड मांडतं. उघड्या वाळूचं काय होतं ते एप्रिलच्या पूर्वेकडच्या वाऱ्यात बघा, तुमची माती शेजाऱ्याच्या तारांवर लटकलेली दिसेल. अशा कुरणात यंदा गवत काढू नका, तिथे पुढच्या वर्षी गव्हाऐवजी कॅनोला किंवा ल्युपिन घ्या आणि गवत त्या पिकात मारा.

दुसरी अट मेंढ्यांची. सगळी कुरणं एकदम साफ करायची नसतात. फक्त पुढच्या वर्षी ज्यात गहू किंवा बार्ली जाणार तीच. चार पॅडॉक असतील तर यंदा एक. बाकीच्या तिघांत गवत राहू दे, जुलैत मेंढ्यांना तेच पोसतं, कारण थंडीत क्लोव्हर हळू वाढतं आणि गवत वेगाने. जुळ्या कोकरांच्या मेंढ्यांना विताना हेक्टरी साधारण १,५०० किलो हिरवा चारा, कोरड्या वजनात धरून, समोर हवा. एकट्या कोकराची मेंढी त्याहून कमीवर भागवते. म्हणून जुळ्यावाल्या वेगळ्या काढून चांगल्या कुरणात सोडा, गवत मारायच्या पॅडॉकमध्ये नकोत. आणि पुढच्या वर्षीसाठी लक्षात ठेवा, पहिला पाऊस पडल्या-पडल्या मेंढ्या कुरणात सोडायच्या नाहीत. कोंब अंगठ्याएवढे असताना तोंड लागलं तर कुरण पूर्ण हिवाळा मागे पडतं. तेवढे आठवडे वाड्यात ठेवून ओट आणि ल्युपिन घाला. दाणा हळूहळू वाढवत न्या, एकदम पोटभर दिला तर आम्ल होऊन मेंढ्या आडव्या होतात. आपल्याकडे धनगर ज्वारी निघाल्यावर रानात मेंढ्या बसवतात तेव्हा मोकळं कणीस खाल्लेली मेंढी कशी फुगते ते पाहिलं असेल, तीच गत.

तिसरी अट औषधाची. मात्रा मी सांगणार नाही, लेबल वाचा. फवारणीनंतर किती दिवस चारायचं नाही हेही त्यावरच लिहिलेलं असतं. पण दोन गोष्टी लेबलवर ठळक नसतात. एक, दहिवर पडणाऱ्या रात्रींच्या मालिकेत निवडक तणनाशक, म्हणजे गवत मारून क्लोव्हर सोडणारं, नीट चालत नाही. गवत गारठलेलं असतं, औषध आत घेतच नाही. दोन-तीन उबदार दिवस सापडले की मारा. दुसरी, सिल्व्हर ग्रास नेहमीच्या निवडक औषधांपैकी अनेकांना जुमानत नाही, ते वेगळ्या गटातल्या औषधानेच जातं. आणि रायग्रासबद्दल तर बोलायलाच नको. हे गवत इथे चारा म्हणून मुद्दाम पेरलं होतं. आज ते पश्चिम ऑस्ट्रेलियाचं सगळ्यात हट्टी तण आहे, तणनाशकांना प्रतिकार करण्यात जगात त्याचं नाव आहे. म्हणून जुलैच्या निवडक फवारणीनंतर जे वाचतं ते वसंतात स्प्रे-टॉपिंगने गाठायचं. दोन्ही मिळून काम होतं. डार्कनच्या रे हॅरिंग्टन या शेतकऱ्याने कापणी यंत्रामागे तणाचं बी भरडणारं यंत्र बसवलं ते याच रायग्रासच्या त्रासातून.

रायग्रास जुलैत काढण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते मेंढ्यांच्या बाजूचं आहे. म्हणून तुमच्या "तोंडचा घास" या युक्तिवादाला हे माझं खरं उत्तर. रायग्रासच्या फुलात एक सूत्रकृमी गाठ करतो, आणि त्या सूत्रकृमीच्या अंगावर बसून एक जिवाणू आत शिरतो. सूत्रकृमीची जागा जिवाणू घेतो आणि गाठ विषारी होते. कणसावर कधी कधी पिवळा चिकट डिंक दिसतो, पण नेहमी नाही. गवत वाळून सोनेरी झालं की विष सगळ्यात जास्त. मेंढ्या वरवर बऱ्या दिसतात. त्यांना पळवलं की मागचे पाय अडखळतात, कळप थांबल्यावर काही जणी आडव्या पडून पाय मारतात, मान मागे. उठतात, चरायला लागतात, आणि दोन दिवसांनी मरतात. कळप हळूच, कुत्र्यांशिवाय, सुरक्षित पॅडॉकमध्ये न्यायचा, पण त्यानंतरही काही दिवस मेंढ्या मरत राहतात. मी एका नोव्हेंबरात हे पाहिलंय. तुम्हाला बघावं लागू नये. इथून परदेशी जाणाऱ्या ओटच्या वैरणीची तपासणी याच विषासाठी होते.

उन्हाळा ओलांडणाऱ्यांत क्लोव्हर हा आपला माणूस. सब-क्लोव्हर, म्हणजे जमिनीखाली बी पुरणारं क्लोव्हर, मूळचं भूमध्य समुद्राकडचं. जहाजांच्या मालाबरोबर नकळत आलं. दक्षिण ऑस्ट्रेलियात माउंट बार्करजवळ एमॉस हॉवर्ड नावाच्या शेतकऱ्याने १८८९ मध्ये ते हेरलं आणि पुढे आयुष्यभर त्याचा प्रचार केला. फूल झडल्यावर त्याचा देठ खाली वाकतो आणि बियांचं बोंड मातीत खुपसतो, भुईमुगाची आठवण यावी तसं. मेंढीच्या तोंडातून बी वाचतं ते त्यामुळे. शिवाय सगळं बी एका वर्षी उगवत नाही. काही बियांचं कवच इतकं कठीण असतं की पाणी आत जात नाही. उन्हाळ्यातल्या दिवस-रात्रीच्या तापमानाच्या चढउताराने ते कवच हळूहळू तडकतं, म्हणून काही बी या वर्षी, काही पुढच्या, काही त्याच्या पुढच्या. मार्चच्या फसव्या पावसाने एक पीक मेलं तरी दुसरं खाली तयार असतं. दुबार पेरणीचं बियाणं त्याने आधीच पेरून ठेवलेलं असतं.

एक सावधगिरी. जुन्या कुरणात ड्वालगॅनप किंवा यारलूप या जुन्या जातींचं क्लोव्हर असू शकतं. १९४० च्या दशकात याच राज्यात त्यातल्या स्त्री-संप्रेरकासारख्या द्रव्याने मेंढ्या वांझ व्हायला लागल्या होत्या, "क्लोव्हर डिसीज" म्हणून ते प्रकरण गाजलं. नव्या जातींत तो दोष नाही, पण जमिनीतलं जुनं बी आपलं काम करत राहतं. मेंढ्या फळत नसतील तर एकदा जात तपासून घ्या. आम्लधर्मी खोल वाळूत सब-क्लोव्हर कुंथत असेल तर सेराडेला हे दुसरं शेंगवर्गीय चारापीक बघा, मुळं खोल जातात. त्याच वर्गातलं बिसेरुलाही आहे, १९९७ मध्ये बाजारात आलेलं. त्याच्या कुरणात मेंढ्यांना कधी कधी ऊन बाधतं, कान-तोंड सोलवटतं. पण दुष्काळी वर्षी मेंढी उपाशी राहण्यापेक्षा ते परवडतं.

क्लोव्हरचा शत्रू लाल पायांचा मातीतला कोळी. दक्षिण आफ्रिकेतून आलेला, १९१७ मध्ये बनबरीला नोंदला गेला. उन्हाळा ओलांडायची याची युक्ती विलक्षण आहे. वसंताच्या शेवटी मादी अंडी घालत नाही, ती पोटातच ठेवून मरते आणि तिचं वाळलेलं शरीर अंड्यांना कवच होतं. म्हणून फवारणी कोळी दिसल्यावर नाही, ती कठीण अंडी पोटात तयार होण्याच्या अगदी आधी करायची. ती तारीख दिवसाच्या लांबीवरून ठरते, दर वर्षी तीच, तुमच्या अक्षांशाप्रमाणे. टाइमराइट नावाने ती तारीख मिळते. एक फवारणी वेळेवर केली तर पुढच्या मेमध्ये क्लोव्हरचे कोंब वाचतात, आणि कोंब वाचले तरच वरची पहिली अट पूर्ण होते.

पानांवरचे रोग मी इथे भराभर सांगतो, कारण तुमचा त्रास तिथे नाही. गव्हावरचा पिवळा ठिपका आणि नोडोरम करपा, बार्लीवरचा जाळीदार करपा, हे काडावर उन्हाळा काढतात. गव्हावर गहू घेतला की भडकतात. एक वर्ष कुरण आलं, मेंढ्यांनी काड तुडवलं आणि ते कुजलं की जोर ओसरतो. म्हणजे याबाबतीत कुरण खरंच विश्रांती आहे. फवारणी ध्वजपान, म्हणजे ओंबीखालचं शेवटचं पान, वाचवण्यासाठी, सवयीने नाही. बार्लीच्या करप्याने आणि गव्हाच्या भुरीने काही बुरशीनाशकांना प्रतिकार मिळवलाय तो या सवयीमुळेच.

तांबेरा मात्र काडावर राहत नाही, त्याला जिवंत पान लागतं. मग कोरड्या उन्हाळ्यात तो मरायला हवा. मरत नाही, कारण काही वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत उत्तरेचं एखादं वादळ खाली सरकतं, ५० मिलिमीटर पाऊस टाकून जातं, आणि सांडलेल्या दाण्यांतून गहू आपोआप उगवतो. हाच हिरवा पूल. त्यावरून तांबेरा आणि मावा चालत मेपर्यंत पोचतात, आणि मावा आपल्याबरोबर बार्लीचा पिवळा खुजा विषाणू घेऊन येतो. पिवळा तांबेरा ऑस्ट्रेलियात १९७९ मध्ये आला, पण इथे पश्चिमेला तो दिसायला २००२ उजाडलं, आणि तोही परदेशातून नव्याने आलेला प्रकार होता. तेव्हापासून आपोआप उगवलेला गहू पेरणीआधी किमान चार आठवडे मेलेला हवा हा नियम कोणी मोडत नाही. मेंढ्यांवर सोपवू नका. त्या शेंडे खातात, बुडखा तसाच, आठवड्यात पुन्हा हिरवा.

महाबळेश्वरच्या गहू गेरवा संशोधन केंद्रात कधी गेला असाल तर हे तुम्हाला ओळखीचं वाटेल. महाराष्ट्राच्या मैदानात एप्रिल-मेच्या उन्हात तांबेरा टिकत नाही. तो निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत, थंड हवेतल्या गव्हावर उन्हाळा काढतो आणि तिथून पुन्हा उत्तरेला येतो. वनस्पतिरोगतज्ज्ञ के. सी. मेहतांनी हे शोधून काढलं. तिथे डोंगर पूल आहे, इथे वळीव.

जुलैच्या फवारणीने सगळं साफ होईल असंही समजू नका. ऱ्हायझोक्टोनियाची बुरशी गवतावर, गव्हावर, क्लोव्हरवरही जगते. हिवाळ्यात पिकात हाताच्या तळव्यापासून खोलीएवढ्या रिकाम्या चकत्या दिसतात, मूळ टोकाशी भाल्यासारखं अणकुचीदार तपकिरी. तिच्यासाठी पेरताना बियांच्या खाली पाच ते दहा सेंटिमीटर माती फाळाने हलवणं आणि मध्ये एक वर्ष कॅनोला हेच उपाय. पण कॅनोला मुळांच्या सूत्रकृमीची एक जात वाढवतं, ती जमिनीत असेल तिथे ल्युपिन बरं. म्हणून अंदाज नको. मार्चमध्ये मातीचा नमुना प्रेडिक्टा-बी चाचणीला पाठवा. ती डीएनएवरून जमिनीत कोणती बुरशी, कोणता सूत्रकृमी किती आहे ते पेरणीआधी सांगते. नमुना घेताना जुन्या ओळीतला बुडखा सोबत घ्या. रोग तिथे बसलेला असतो, दोन ओळींच्या मधली माती घेऊन उगाच खूश होऊ नका.

चुन्याबद्दल मालकांना एक विचारा. इथली माती आम्लधर्मी, वरच्या थरात सामू ५.५ आणि खाली ४.८ च्या वर ठेवायचा म्हणून चुन्याची वाळू टाकतात, आणि टाकायलाच हवी. पण टेक-ऑलला कमी आम्ल जमीन आवडते. गवताळ कुरणात चुना टाकून लगेच पुढच्या वर्षी गहू घेतला तर रोगाला पायघड्या घातल्यासारखं होतं. गेल्या वर्षी पांढऱ्या ओंब्या आल्या त्या पॅडॉकला २०-२२ महिने आधी चुना पडला होता का, वही उघडून बघा. पडला असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. चुना कॅनोलाच्या आधी टाकावा.

तर या आठवड्यात फावडं, बादली आणि पांढरी थाळी घेऊन त्या कुरणात जा. बार्ली ग्रासची पाच-सहा रोपं वेगवेगळ्या जागांहून उपटून धुवा. मुळं आत्ताच काळी दिसली तर मालकांना सांगा, पहिल्या उबदार दिवशी फवारू. तारेच्या चौकटीत क्लोव्हर किती मोजलंत ते मला कळवा. जुळ्यावाल्या मेंढ्या कुठे आहेत तेही लिहा. आणि मुळांचा फोटो काढायचा तर ती आधी नीट धुवून घ्या, मागच्या वेळी चिखलाचाच फोटो आला होता.